लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवायचाय : गोळ्या, छाया, अंतरा की तांबी?

सोनटक्का

नमस्कार. वय २४, राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत, नोकरी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात अकाउंट्सला, जोडीला एम.कॉम.चं शेवटचं वर्ष. मार्गशीर्षात लग्न आहे, सासर कागल. पुढची दोन वर्षं तरी मूल नको, हे आम्ही दोघांनी बोलून पक्कं केलंय. माझी परीक्षा आहे, त्याची नोकरी अजून कायम झालेली नाही. सासूबाई मायाळू आहेत, पण "पहिलं होऊन जाऊ दे, मग काय ते बघा" हे त्यांनी माझ्या देखत थोरल्या जाऊबाईंना ऐकवलंय.

अडचण अशी की मला कुणी सरळ माहितीच देत नाही. मैत्रीण पाकिटातल्या रोजच्या गोळ्या घेते, ती म्हणते डोळे झाकून सुरू कर, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यासुद्धा जातात. मावशी म्हणते गोळ्यांनी पिशवी सुकते. गल्लीतल्या औषधाच्या दुकानाचे मालक वडिलांचे मित्र, तिथं तोंड उघडायची सोय नाही. एका डॉक्टरबाईंकडे गेले तर "आधी लग्न तर होऊ दे" म्हणून त्यांनी विषयच मिटवला. पहिल्या दिवसापासून काळजी घ्यायची तर मग विचारायचं तरी कधी?

ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा, सगळ्यात चांगलं साधन कुठलं?

निशिगंधा

लग्नाच्या आधी विचारतेयस हे फार बरं केलंस. आमच्या वेळी विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं, आणि पहिला मुलगा लग्नाच्या वाढदिवसाच्या आत झाला.

मला तांबी, म्हणजे पिशवीत बसवतात ती कॉपर-टी, मानवली. मुलगा वर्षाचा झाल्यावर बसवली, पाच वर्षं कधी आठवणही झाली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला तीच तांबी सोसली नाही, दर महिन्याला इतकं अंगावरून जायचं की ती पांढरीफटक पडली, शेवटी काढली. दोघी एकाच आईच्या. त्यामुळे "सगळ्यात चांगलं" असं काही मी तुला सांगणार नाही. तुझी पाळी कशी असते, किती दिवस, किती जातं, पोटात दुखतं का, दुसरा काही आजार आहे का, ते आधी लिही. त्यावर ठरतं सगळं.

सिस्टर_गारगोटी

मी भुदरगड तालुक्यात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे, बरीच वर्षं झाली. बाळा, तू विचारतेस त्यातलं जवळजवळ सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि ते अजूनही शिकलेल्या मुलींनाच माहीत नसतं. निरोध, माला-एन गोळ्या, छाया गोळ्या, अंतराचं इंजेक्शन, तांबी, आणि ७२ तासांची, म्हणजे संबंधानंतर तेवढ्या वेळात घ्यायची, तातडीची गोळी. गावाकडं उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशाताईंकडं. शहरात महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, सावित्रीबाई फुले रुग्णालय आहे, सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. यातल्या कशालाच नवऱ्याची सही लागत नाही. पेठेत ओळखीचे भेटतील असं वाटत असेल तर दुसऱ्या भागातल्या केंद्रात जा, कोण विचारत नाही.

आता एकेक सांगते.

माला-एन म्हणजे तुझी मैत्रीण घेते तसलीच. पाकिटात २८ गोळ्या, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. रोज एक, ठरल्या वेळी. रोज घेणारीला चांगली, विसरभोळीला नाही. एक चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि त्याच पाकिटातल्या पुढच्या गोळ्या ठरल्या वेळी चालू ठेवायच्या. लागोपाठ दोन-तीन चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोध वापरायचाच. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर परत एक घ्यायची.

छायामध्ये हार्मोन नाही. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेलं औषध आहे, बाजारात ते 'सहेली' नावानं कधीपासून मिळतं. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. हिच्यानं पाळी लांबते, हे आधीच माहीत पाहिजे, नाहीतर बाया घाबरून बंद करतात. पीसीओडी (बीजकोषाच्या हार्मोनचा बिघाड, त्यानं पाळी अनियमित होते) असलेल्या मुलींना आणि नुकतीच कावीळ होऊन गेलेल्यांना देत नाही.

अंतरा हे तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन. घरात कुणाला कळू द्यायचं नाही अशा बाया हेच मागतात, आणि मला त्यांचं काही चुकीचं वाटत नाही. पण सुरुवातीला पाळीचा मेळ राहत नाही. कधी ठिपके ठिपके जातात, कधी महिनोन्महिने काहीच नाही. वजनही काहींचं वाढतं. आणि बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने धर. तुला दोन वर्षांनी मूल पाहिजे असेल तर हे हिशेबात घे.

तांबी दोन प्रकारची, ३८० ए दहा वर्षांची आणि ३७५ पाच वर्षांची. काढली की लगेच पुढच्या महिन्यापासून दिवस राहू शकतात. "मूल झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत" हे जुनं झालं. मूल न झालेल्या मुलीलाही बसवता येते. बसवताना जरा जास्त कळ येते, एवढंच.

टीबीच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्यांदा ते सांग. त्यातल्या काही औषधांनी गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो.

आजरा_घनसाळ

मी ५८ वर्षांची आहे, इथे सगळ्या मुली लिहीत आहेत म्हणून राहवलं नाही. रागावू नका. माझ्या धाकट्या सुनेने लग्नानंतर तीन वर्षं गोळ्या घेतल्या. त्यानंतर दिवस राहायला दीड वर्ष गेलं. किती दवाखाने, किती नवस, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून मला वाटतं पहिलं मूल होऊ द्यावं आणि मग पाळणा लांबवावा. सासूबाई बोलतात ते नातवाच्या हौसेपोटी तर असतंच, पण त्यामागे अशी भीतीही असते. गोळ्यांनी पिशवीवर काहीच होत नाही, हे कुणी खात्रीनं सांगू शकेल का?

डॉ_अनामिका

काकू, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो माझ्या ओपीडीत रोज येतो. मी कोल्हापुरातच स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाव लिहीत नाही.

गोळ्या बंद केल्या की बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत मूळपदावर येते. गोळ्यांनी कायमचं वंध्यत्व येत नाही, पिशवी सुकत नाही. हे आज पन्नास-साठ वर्षांच्या वापरानंतर पक्कं माहीत आहे. मग तुमच्या सूनबाईंना वेळ का लागला? मी त्यांना तपासलेलं नाही. पण पुष्कळदा असं होतं की मुळात पाळी अनियमित असते, पीसीओडी असतं, थायरॉइड असतो, नाहीतर नवऱ्याच्या शुक्राणूंची संख्या कमी असते. गोळी चालू असेपर्यंत पाळी महिन्याच्या महिन्याला येते म्हणून मुळातलं दुखणं झाकून राहतं. गोळी बंद केली की ते बाहेर पडतं आणि दोष गोळीवर येतो. गोळी घेतली नसती तर त्या तीन वर्षांपूर्वीच दवाखान्यात आल्या असत्या.

काकूंच्या म्हणण्यातला एक धागा मात्र मी सोडणार नाही. वय पस्तिशीकडे झुकलं असेल, पाळी आधीपासूनच बिघडलेली असेल, तर मूल किती लांबवायचं याचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा. २४ व्या वर्षी दोन वर्षं थांबण्यात काळजीचं काही नाही.

सोनटक्का, निशिगंधाताईंनी विचारलेल्यांची उत्तरं दे. मी त्यात दोन घालते. तुला डोकेदुखी होते का, आणि बीपी कधी मोजलंयस का? घरात कुणाला कमी वयात पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का?

वारणाकाठ

तोपर्यंत मी गोळ्यांच्या बाजूनं लिहिते, कारण त्यांना इथे उगाच बदनाम करतात. मी चार वर्षं घेतेय. पहिले दोन महिने मळमळ झाली, मध्येच थोडं अंगावर दिसायचं, मग सगळं थांबलं. आधी पाळीत दोन दिवस अंथरुणातून उठता यायचं नाही, आता कामावर जाते. रात्री दात घासले की गोळी, असं बांधून घेतलंय. पण सुरू करण्याआधी माझं बीपी, वजन, सगळं बघितलं होतं. मैत्रिणीचं पाकीट बघून दुकानातून आणली नव्हती.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

पाळी महिन्याच्या महिन्याला येते, २८ ते ३० दिवसांनी. पाच-सहा दिवस असते आणि पहिले तीन दिवस भरपूर जातं, रात्रीसुद्धा उठून पॅड बदलावं लागतं. कॉलेजात रक्तदान शिबिर होतं तेव्हा हिमोग्लोबिन कमी म्हणून मला परत पाठवलं होतं. नंतर मी तपासलेलं नाही. बीपी कधी मोजलं नाही.

डोकेदुखी आहे, अर्धशिशी. दहावीपासून. आधी डोळ्यांसमोर एका बाजूला नागमोडी चमकणाऱ्या रेषा दिसतात, त्या जागचं नीट दिसत नाही, पंधरा-वीस मिनिटांनी ते जातं आणि मग अर्धं डोकं ठणकायला लागतं. आई याला पित्त म्हणते. याचा गोळ्यांशी काही संबंध आहे का?

डॉ_अनामिका

आहे, आणि फार मोठा आहे. तुझ्या मैत्रिणीच्या गोळ्या तू सुरू करू नकोस.

त्या गोळ्यांमध्ये दोन हार्मोन असतात, त्यातलं एक इस्ट्रोजेन. इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. निरोगी तरुण मुलीत तो मुळात इतका कमी असतो की थोडा वाढूनही कमीच राहतो. पण डोकेदुखीच्या आधी तुझ्यासारखे डोळ्यांसमोर चमकारे येणाऱ्या स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका आधीच जास्त असतो, आणि त्यावर इस्ट्रोजेन दिलं की तो आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत या अर्धशिशीला दोन हार्मोनच्या गोळ्या चौथ्या गटात आहेत, म्हणजे वापरूच नयेत, वय कितीही असो. माला-एन, माला-डी, बाजारातल्या महागड्या गोळ्या, सगळ्यांना हे लागू आहे. चमकारे न येणाऱ्या साध्या अर्धशिशीची गोष्ट वेगळी, तिथे वय आणि बाकीच्या गोष्टी बघून ठरवतात.

ज्यांचं बीपी १४०/९० किंवा वर आहे, पस्तिशीनंतर ज्या तंबाखू ओढतात, ज्यांना पूर्वी गुठळी झालीय, स्तनाचा कर्करोग झालाय, यकृताचा मोठा आजार आहे, बाळंतपणाला सहा आठवडे झालेले नाहीत, त्यांनाही ही गोळी नको. अंगावर पाजणाऱ्या आईनं पहिले सहा महिने दुसरं काहीतरी बघावं. बीपी न मोजता ही गोळी देणं मला मान्य नाही, पण दुकानातून मागितली की मिळते, त्याला काय करणार.

घाबरून जाऊ नकोस. इस्ट्रोजेन नसलेलं बरंच काही तुझ्यासाठी उरतं. तांबी, छाया, निरोध. अंतरासुद्धा विचारात घेता येतं. एका हार्मोनची गोळी असते, हार्मोन सोडणारी तांबी असते, तिनं तर रक्तस्राव उलट कमी होतो, फक्त ती महाग आहे. आधी हिमोग्लोबिन तपासून घे. आणि त्या अर्धशिशीसाठीही एकदा फिजिशियनला दाखव, ते पित्त नाही.

निशिगंधा

एवढ्या वर्षांत मला कुणी डोकेदुखीबद्दल विचारलं नाही. हे वाचून मी थोरल्या मुलीला आत्ताच फोन लावला.

कसबा_बावडा

माझं लग्न गेल्या वर्षी झालं. सगळी चर्चा बाईनं काय घ्यायचं यावरच चाललीय, म्हणून पुरुषाच्या बाजूनं. आम्ही फक्त निरोध वापरतो. बायकोला गोळ्यांनी त्रास झाला, म्हणून मीच म्हटलं राहू दे. इथं कुणी निरोधाला फार किंमत देत नाही असं दिसतंय, तो इतका बेभरवशाचा आहे का?

सिस्टर_गारगोटी

भाऊ, तुमच्यासारखे म्हणणारे कमीच. निरोध बेभरवशाचा नाही, वापर बेभरवशाचा असतो. दर वेळी आणि सुरुवातीपासून वापरला तर वर्षभरात १०० जोडप्यांत साधारण दोघांना दिवस राहतात. लोक जसा वापरतात तसा, म्हणजे कधी आहे कधी नाही, तर १३ जणींना. गोळीचंही तसंच आहे, विसरत-विसरत घेणाऱ्यांत १०० मागं सात जणींना राहतात. तांबीत एकीलासुद्धा मुश्किलीनं, कारण तिथं विसरायला काही नसतंच. बाहेर सोडणं हे तर साधनच नाही, त्यात १०० मागं वीस जणींना दिवस राहतात.

निरोधाबरोबर खोबरेल तेल, व्हॅसलीन वापरू नका, रबर कमजोर होऊन फाटतं. पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने ठेवू नका. आणि गुप्तरोग, एचआयव्ही यापासून वाचवणारं हे एकच साधन आहे, तांबी-गोळीनं ते होत नाही.

पुढं दोन मुलं झाल्यावर बिनटाक्याची नसबंदी तुमची करून घ्या. बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, ताकद कमी होत नाही. फक्त झाल्यावर तीन महिने निरोध वापरायचा, लगेच असर येत नाही.

कसबा_बावडा

खोबरेल तेलाचं खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद सिस्टर. पाळीच्या आधीचे आणि नंतरचे दिवस सुरक्षित असतात म्हणतात, ते धरून चाललं तर?

सिस्टर_गारगोटी

पाळी लागायच्या लगेच आधीचे दिवस त्यातल्या त्यात बरे, पण पाळी कधी येणार हे आधी कळतं का? शुक्राणू आत पाच दिवस जगू शकतात. पाळी एखाद्या महिन्यात लवकर आली, प्रवास झाला, ताप आला, की गणित फिसकटलं. दोन वर्षं नक्की नकोच असेल त्यांनी त्यावर विसंबू नये.

हॉस्टेलची_खिडकी

मी विद्यापीठात शिकते, माझं लग्न झालेलं नाही. इथे लिहायला धीर लागला. मी ७२ तासांची गोळी घेते, गेल्या महिन्यात दोनदा घेतली. आता पाळी कधीही येते. दवाखान्यात जायची भीती वाटते, पहिला प्रश्न "मिस की मिसेस" असाच असतो.

डॉ_अनामिका

लिहिलंस ते बरं केलंस. ती गोळी विष नाही, दोनदा घेतल्यानं तुझं काही कायमचं बिघडलेलं नाही. पाळी मागेपुढे होते, होईल ठीक. पाळी ठरल्या दिवसाच्या आठवडाभर पुढे गेली तर लघवीची तपासणी कर. पण ती नेहमीची सोय म्हणून वापरायची नसते, कारण ती बाकीच्या साधनांपेक्षा जास्त वेळा फसते. जितकी लवकर घ्यावी तितका उपयोग, तिसऱ्या दिवशी घेतली तर कमी. आधीच दिवस राहिले असतील तर ती गर्भ पाडत नाही. घेतल्यानंतरच्या संबंधांपासूनही ती वाचवत नाही, हे पुष्कळ मुलींना माहीत नसतं. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ते त्याहून पक्कं, आणि पुढची काही वर्षंही सुटतात.

दुसरी एक गोष्ट कळकळीनं सांगते. दुकानातून कुणी गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आणून दिलं तर ते स्वतःहून घेऊ नकोस. ती वेगळी औषधं आहेत, नऊ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो निघत नाही आणि नळी फुटून जिवावर बेतू शकतं. असे रुग्ण मी रात्री दोनला ऑपरेशनला घेतलेत.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनं "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" ऐवजी "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असं केलं आहे. १८ पूर्ण झालेल्या स्त्रीला फक्त स्वतःची संमती लागते, आईवडिलांची नाही, नवऱ्याचीही नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रियांना वेगळं वागवता येणार नाही हेही स्पष्ट केलं. तेव्हा "मिस" म्हणायला अडखळू नकोस. कुणी वाईट बोललं तर दुसरा दवाखाना गाठ. आमच्यातले सगळे तसे नाहीत.

हॉस्टेलची_खिडकी

मॅडम, तुमचे किती आभार मानू कळत नाही. या आठवड्यात मैत्रिणीला घेऊन जाते.

आजरा_घनसाळ

या मुलीचं वाचून मला वाईट वाटलं. लग्नाआधीचं मला पटत नाही, ते मी लपवणार नाही. पण दवाखान्यात मुलीला अपमान सोसावा लागतो हेही बरोबर नाही. मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, माझे वडील त्यांच्याबद्दल सांगायचे. शंभर वर्षांनंतरही मुलींना डॉक्टरांसमोर मान खाली घालावी लागते म्हणजे काय.

निशिगंधा

काकू, तुम्ही हे लिहिलंत, बरं वाटलं.

सोनटक्का, आता डॉक्टर सांगणार नाहीत अशी एक गोष्ट. प्रत्येक साधनानं पाळी बदलते आणि आपल्याकडे सासरी पाळीवर घरभर लक्ष असतं. तांबीनं सुरुवातीचे तीन ते सहा महिने जास्त जातं, दिवसही वाढतात. अंतरानं मध्येच डाग दिसतात. ज्या घरात देवघराला शिवायचं नसतं तिथं नव्या सुनेचे महिन्यातले दहा दिवस असे गेले की सगळ्या बायका विचारणार. छायानं उलटं, पाळी दहा दिवस लांबली की सासूबाई पेढ्यांची तयारी करणार आणि मग हिरमुसणार. माझ्या चुलत जावेला हे फार जड गेलं, ती दर महिन्याला रडायची. तुझ्या सासरी काय पद्धत आहे ते बघून घे. आणि नवऱ्याला आईशी बोलायला लाव. तू एकटीनं हा विषय अंगावर घेऊ नकोस. दोघांनी मिळून ठरवलंय ना, मग मुलानं आईला सांगावं. सुनेनं सांगितलं की ते सुनेचं खूळ ठरतं.

वारणाकाठ

हे शंभर टक्के खरं. अजून एक, लग्नाची तारीख आणि पाळी एकत्र येत असेल तर घरचे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या देतील. माझ्या मावसबहिणीला वाटलं त्यानंच काम भागलं, दुसरं काही वापरलं नाही आणि जोतिबाला जाऊन आल्यावर महिनाभरात दिवस राहिले.

डॉ_अनामिका

वारणाकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत. पाळी लांबवायच्या गोळीनं पाळी लांबते, गर्भधारणा रोखली जाईल असं धरून चालू नये. आणि तीही हार्मोनची गोळी आहे. शरीरात तिचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे सोनटक्कानं डोकेदुखीचं सांगितल्याशिवाय तीसुद्धा घेऊ नये.

सोनटक्का

सगळ्यांना उशिरानं कळवतेय, माफ करा, वर्षअखेरीचं काम होतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, होणारा नवराही बरोबर आला. इथलं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. बीपी ठीक निघालं. हिमोग्लोबिन ९.८. त्या म्हणाल्या की चमकाऱ्यांच्या अर्धशिशीला माला-एन नाहीच. तांबी देता येईल, पण आधीच एवढं जातंय आणि रक्त कमी आहे, तर आत्ता तांबीनं ते आणखी वाढेल. आधी तीन महिने लोहाच्या गोळ्या, जंताचं औषध, आणि पाळी एवढी का जाते यासाठी सोनोग्राफी. सोनोग्राफीत काही निघालं नाही, पीसीओडीही नाही. अंतरा मलाच नको वाटलं, कारण पुढे मूल पाहिजे तेव्हा किती थांबावं लागेल याचा भरवसा नाही.

शेवटी छाया ठरली. लग्नाआधीच्या पाळीपासून सुरू करायची आणि पहिले काही महिने निरोधही वापरायचा. रक्त ११ च्या वर गेलं की तांबीचा पुन्हा विचार करू.

आणि निशिगंधाताई, त्यानं घरी सांगितलं. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला फोन करून विचारलं की पोरीचं रक्त एवढं कमी कसं, तिला खजूर आणि पालेभाज्या द्या. मूल कधी यावर त्या अजून काही बोललेल्या नाहीत.

निशिगंधा

मला मात्र तुझ्या जागी तांबीच बरी वाटली असती. दोन वर्षं नक्की नको म्हणतेस, आणि छाया तांबीइतकी पक्की नाही. एखादा आठवडा विसरलीस तर?

डॉ_अनामिका

निशिगंधाताई, पक्केपणाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, तांबी पुढेच आहे. हिमोग्लोबिन १२ असतं आणि पाळी बेताची असती तर मीही तिला तांबीच सुचवली असती. पण ९.८ वर, रात्री उठून पॅड बदलणाऱ्या मुलीला, माझाही हात थांबला असता. छायानं रक्तस्राव सहसा कमी होतो, या काळात तिला तेच हवंय. जोडीला निरोध नियमानं वापरला तर पहिले महिने निभावतात. रक्त वाढल्यावर तिनं परत जायला मात्र हवं, "चाललंय ना" म्हणून तिथंच राहू नये.

सोनटक्का

जाईन नक्की. सिस्टर, वार कसे धरायचे? डॉक्टरांनी सांगितलं होतं पण घोळ होतोय.

सिस्टर_गारगोटी

सोपं आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी जो वार असेल तो तुझा मुख्य वार. समज रविवारी पाळी आली, तर रविवारी एक आणि बुधवारी एक, असे तीन महिने. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. मध्ये पाळी कुठल्याही वारी आली तरी वार बदलायचा नाही, गोळी थांबवायची नाही. मोबाईलला दोन्ही वारांचा गजर लाव.

एखादी चुकली आणि सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घे, पुढचे वार तसेच चालू ठेव आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांच्या वर गेलं तर सगळं पहिल्यापासून, म्हणजे परत आठवड्यातून दोनदा. पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवी तपासून घे. कागलच्या दवाखान्यातही छाया मिळते, संपायच्या आधी एक पाकीट घरात ठेव.

हॉस्टेलची_खिडकी

मी जाऊन आले. तिथल्या सिस्टरनी मिस-मिसेस काही विचारलं नाही, आधी बीपी घेतलं आणि डोकेदुखी होते का विचारलं. सोनटक्का, तू इथं लिहिलं नसतंस तर तो प्रश्न का विचारतात ते मला कळलं नसतं. माझं डोकं दुखत नाही. पाळी आली की गोळ्या सुरू करतेय, आणि निरोधही चालूच ठेवणार आहे.